तिसऱ्या पायरीखालचा राउटर

२१ सप्टेंबर, रविवार. सर्वपित्री अमावास्या.

आज कोलू मांडला. सात पायऱ्या. तंजावरच्या मराठी घराचा जावई होऊन मला सोळा वर्षं झाली, त्यामुळे आता यातलं सगळं कळतं. अमावास्येला मुहूर्तावर पायऱ्या रचून बाहुल्या मांडायच्या, मग नवरात्रभर रोज आरती, रोज सुंडल (प्रसादाची कडधान्याची उसळ), रोज हळदीकुंकवाला येणाऱ्या बायका. आणि एकदा मांडलेला कोलू दसरा होईपर्यंत हलवायचा नाही. एक बाहुलीसुद्धा नाही. साताऱ्याला आमच्याकडे नुसते घट बसायचे. तिथे हलवण्यासारखं काही नसायचंच.

पायऱ्या म्हणजे अप्पांच्या (सासरे, बालाजीराव, वय एकोणऐंशी) बँकेतल्या बदल्यांच्या काळातल्या लोखंडी पेट्या. त्यांवर फळ्या, फळ्यांवर पांढऱ्याशुभ्र वेष्ट्या, म्हणजे इकडची धोतरं. पेट्या मी रचल्या. कुणी कौतुक केलं नाही. मी अपेक्षाही ठेवली नव्हती.

एक काम मात्र डोकं लावून केलं. वाय-फायचा राउटर शोकेसवर असायचा. शोकेस सरकवल्यावर तो नेमका देवीच्या शेजारी आला, हिरवे दिवे लुकलुकवत. बायको संयुक्ता स्वयंपाकघरात, मुलगी श्रीनिधी आंघोळीला, अप्पा जपाला. मुहूर्ताला वीस मिनिटं. मी राउटर तिसऱ्या पायरीखाली, दोन पेट्यांच्या मधल्या फटीत बसवला, पुढून आणखी एक पेटी लावली, वर वेष्टी सोडली. एक वायर दिसत नाही. नीटनेटकेपणा रक्तात असावा लागतो.

ही वही कंपनीने दिली आहे. कव्हरवर 'कंटिन्युअस इम्प्रूव्हमेंट' छापलंय. आजपासून रोज लिहिणार.

२२ सप्टेंबर, सोमवार

अप्पांचा कॉल तुटला म्हणे. तीन वेळा.

रोज संध्याकाळी पाचला अप्पा त्यांच्या खोलीतल्या डेस्कटॉपवरून थोरल्या बहिणीशी बोलतात. सईबाई, वय शहाऐंशी, न्यू जर्सीला मुलाकडे असतात. तिकडे तेव्हा सकाळचे साडेसात. सव्वाआठला डे-केअरची गाडी येऊन त्यांना घेऊन जाते, मग दिवसभर भेट नाही. दोघं त्यांच्या जुन्या मराठीत बोलतात. त्यातलं मला निम्मं कळतं. उरलेल्या निम्म्यात माझ्याबद्दल काही नसतं असं संयुक्ता सांगते.

या वर्षी खास बेत आहे. सईबाईंच्या डोळ्यांचा पडदा झिजत चाललाय. डॉक्टरांनी सांगितलंय की पुढच्या नवरात्रापर्यंत उजेड-अंधार कळेल, चेहरे कळतील असं नाही. आणि या बाहुल्या त्यांच्या आईच्या. म्हणून अप्पांनी ठरवलंय की रोज एक पायरी दाखवायची, बाहुलीवर बोट ठेवून नाव सांगायचं, आणि शेवटी सगळे दिवे लावून सातही पायऱ्या एकदम. अप्पांच्या खोलीचं दार उघडलं की समोर कोलूच दिसतो. कॅमेऱ्याची वायर लांब आहे, स्टुलावर ठेवला की काम झालं.

फोटो पाठवून भागत नाही. फोटोत त्यांना नुसते रंग दिसतात. अप्पा बोलत बोलत दाखवतात तेव्हा बाहुली दिसते.

मी म्हटलं, काळजी करू नका, उद्या पाचच्या आत लावून देतो. सॉफ्टवेअर कंपनीत एकोणीस वर्षं काढली आहेत. (क्वालिटी डिपार्टमेंट. पण तरी.)

२३ सप्टेंबर, मंगळवार. सकाळ.

चॅनल बदलला. ड्रायव्हर अपडेट केला. नेटवर्कचं नाव बदलून पुन्हा तेच ठेवलं. बोर्डावरून राउटरचं बटण तीनदा बंद-चालू केलं. डेस्कटॉपवर एक काडी आली. गेली. आली. आमचा तळमजला, नुंगंबाक्कमच्या उंच बिल्डिंगांच्या मधे, मोबाईलला घरात रेंज नाही. बोलायचं तर गेटपर्यंत जावं लागतं. म्हणजे सगळी भिस्त वाय-फायवर.

निदान: डेस्कटॉप जुना.

रात्र, ८.३०

आजही नाही. संयुक्ताने सांगितलं की सईबाई पडद्यावर आल्या, तोंड उघडलं आणि तशाच थांबल्या. अप्पा गाडीची वेळ होईपर्यंत त्या थांबलेल्या चेहऱ्यासमोर बसून होते.

जेवताना अप्पांनी मला हळूच विचारलं की त्यांच्या हातून तर काही दाबलं गेलं नसेल ना. रविवारी म्हणे त्यांचं बोट घसरून एक चौकट उघडली होती, ती त्यांनी बंद केली. मी म्हटलं, असेल. शक्य आहे.

म्हणजे शक्य आहेच. क्वालिटीत कुठलीही शक्यता नाकारायची नसते.

२४ सप्टेंबर, बुधवार

लिहावं की न लिहावं. वही माझीच आहे, लिहितो.

ऑफिसात माझं काम म्हणजे काही बिघडलं की त्याचं मूळ कारण शोधायचं. फॉर्म असतो. पाच वेळा 'का?' विचारायचं, पाचव्या 'का'ला खरं कारण सापडतं, मग शेवटच्या रकान्यात जबाबदार व्यक्तीचं नाव. आज एका गोडाऊनची तक्रार आली होती. वाय-फाय जातं. पहिल्या चार 'का'ला मी झरझर उत्तरं लिहिली. पाचवं असं निघालं की सुपरवायझरने वाय-फायचा डबा लोखंडी मांडण्यांच्या आत ठेवला, लोखंडातून सिग्नल बाहेर येत नाही. मी लिहिलं, 'मानवी चूक. प्राथमिक ज्ञानाचा अभाव.' आणि पेन खाली ठेवलं.

पेट्या. लोखंडी. चारी बाजूंनी.

पेरुंगुडीच्या ऑफिसातून घरी यायला दीड तास लागला. सबंध रस्ताभर ठरवत आलो की दारातच सांगायचं. घरात अकरा बायका होत्या. एक गात होती. अकरा बायकांसमोर सांगण्याची ही गोष्ट नव्हे.

शिवाय नीट विचार केला तर सांगून उपयोग काय? कोलू हलवता येत नाही. राउटर निघणार नाही. (फोन अगदी कोलूपाशी धरून पाहिला, तिथेही काडी येते आणि जाते.) म्हणजे वाय-फाय दुरुस्त होणार नाहीच, उलट अप्पांना वाईट वाटेल, संयुक्ता चिडेल, सणाचा विचका होईल. न सांगण्यात घराचंच हित आहे. उद्या सांगतो.

चौथ्या पायरीवर तंजावरची मान हलवणारी बाई आहे. घागरा, कमरेवर हात, धक्का लागला की मान डोलावत राहते. पंख्याच्या वाऱ्याने ती आज माझ्याकडे बघून सारखी हो हो करत होती.

२५ सप्टेंबर, गुरुवार

उपाय सापडला. वायरलेसचा नादच सोडायचा. रिची स्ट्रीटच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन पंधरा मीटरची लॅन केबल आणली. एक टोक डेस्कटॉपला लावलं, केबल भिंतीच्या कडेने सुरेख नेली, दर फुटाला क्लिप ठोकली. दुसरं टोक हातात घेऊन कोलूसमोर उभा राहिलो.

दुसरं टोक राउटरला लावायचं असतं.

श्रीनिधीने विचारलं, बाबा, तू काय शोधतोयस. म्हटलं, केबल थोडी कमी पडली. केबल अजून सहा मीटर उरली होती, वेटोळं करून माझ्या दंडावर होती. तिने वेटोळ्याकडे बघितलं. पोर चौदाची आहे, हल्ली बघते फार.

अप्पा आज पाचला कॉम्प्युटरसमोर बसलेच नाहीत. विचारलं तर म्हणाले, उगीच कसाला हात लावायचा, आणखी काहीतरी मोडायचं.

'कशाला'ला ते 'कसाला' म्हणतात. एरवी मला त्याची गंमत वाटते.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

हाफ डे टाकला. इंटरनेटवाल्यांकडे तक्रार केली होती, त्यांचा माणूस यायचा होता. घरात कुणी नसताना यावा अशी वेळ मागून घेतली होती. अप्पाही देवळात गेले होते.

वेंकट नाव. पन्नाशीचा, कपाळाला विभूती, शांत माणूस. राउटर कुठे आहे म्हणून विचारलं. मी कोलूकडे बोट दाखवलं. त्याला वाटलं मी आधी नमस्कार करायला सांगतोय. त्याने केला. मग वायर कुठे जाते ते पाहिलं, गुडघ्यांवर बसला, वेष्टीची कड जरा उचलली, आत बघितलं, वेष्टी परत होती तशी नीट सोडली. पुन्हा नमस्कार केला. म्हणाला, सर, दसऱ्यापर्यंत मी हात लावणार नाही, तुम्हीही लावू नका.

मी त्याला माझ्या तमिळमध्ये समजावलं की कागदावर कॉम्प्युटर जुना आहे एवढंच लिही. माझं तमिळ रिक्षावाल्यांना पूर्ण कळतं. त्याने पेन काढलं, सरी सर म्हणाला, म्हणजे बरं, आणि पावतीवर तमिळमध्ये चार ओळी लिहिल्या. मी खाली सही केली. वाचता येत नाही, पण अक्षर चांगलं होतं.

पावती फ्रिजवर, मोराच्या मॅग्नेटखाली लावून टाकली. कंपनीच्या माणसाचं लेखी मत. आता कुणी शंका घ्यायला नको.

संध्याकाळी अप्पांनी भिंग घेऊन ती उभ्या उभ्या वाचली. दोनदा. सरी म्हणाले, मोर सरळ केला आणि खोलीत गेले. चेहरा पडलेला वाटला. इतक्या वर्षांचा कॉम्प्युटर, जुना झालाय हे ऐकून वाईट वाटणारच.

रात्री सुंडल तीनदा घेतलं. काबुली चण्याचं होतं.

२७ सप्टेंबर, शनिवार

दुपारी घरात एकटा. ठरवलं की कुणालाही त्रास न देता हात घालून राउटर ओढून काढायचा. कोलू हलणार नाही, फक्त राउटर हलेल, आणि राउटर काही बाहुली नव्हे. देवीला आधी समजावून सांगितलं.

पालथा पडून उजवा हात खांद्यापर्यंत आत गेला. बोटांना राउटर लागला. गरम होता. ओढला तर पेटी सरकली, पेटीबरोबर फळी, आणि चौथ्या पायरीवरची मान हलवणारी बाई टुकटुक करत कडेला आली. डाव्या हाताने तिला धरलं. आता एक हात आत, एक हात वर, नाक फरशीला.

तेवढ्यात शेजारच्या कृष्णवेणी मामी वाटी परत द्यायला आल्या. दार उघडंच होतं. त्या दारात थबकल्या. मग म्हणाल्या, साष्टांग नमस्कार तोही दोन्ही हात पसरून, हल्लीचे पुरुष कुठे करतात असं. मी पडूनच राहिलो. त्या माझ्यासाठी दोन मिनिटं देवीचं काहीतरी म्हणत राहिल्या आणि गेल्या. संध्याकाळपर्यंत बिल्डिंगमध्ये झालं की संयुक्ताचा नवरा फार श्रद्धाळू आहे. तीन मामींनी मला पाहून मान लववली.

बाई परत जागेवर ठेवली. राउटर आतच आहे. बहुधा आणखी आत गेलाय.

पाच वाजता.

अप्पांनी विचारलं की तुमच्या फोनवरून सईशी नुसतं बोलता येईल का. त्यांना गेटपाशी घेऊन गेलो. सईबाईंना ऐकूही कमी येतं. समोर बसेस, कुणीतरी हॉर्न दाबूनच धरलेला. अप्पा एका कानावर हात ठेवून, दुसऱ्याला फोन लावून रस्त्यावर ओरडत होते. वरच्या पायरीवर मरप्पाची. हो, लाकडाचे. राजा-राणी. अम्माने नेसवलेलं कापड तेच आहे. वॉचमन बघत होता. त्या परत परत विचारत असणार, कारण अप्पा तेच परत परत सांगत होते. चौथ्यांदा त्यांचा आवाज बसला. मग म्हणाले, नाही गे, माझ्याच हातून काहीतरी झालंय, जावई पाहतायत.

मी फोन परत घेतला. त्यांच्या तळहाताच्या घामाने ओला झाला होता.

मी फार वाईट माणूस आहे असं मला आज वाटलं. उद्या नक्की. उद्या सकाळी कॉफीच्या आधी.

२८ सप्टेंबर, रविवार

कॉफीच्या आधी अप्पा पूजेला बसले होते. कॉफीनंतर मूड बिघडवणं बरं नाही.

त्याऐवजी त्यांना वाचायला टेबललँप आणला. नवी चप्पल आणली. त्यांना आवडते ती कॉफीची पूड मैलापूरच्या दुकानातून रांगेत उभं राहून दळून आणली. त्यांनी विचारलं, मकरंदराव, आज काय विशेष. म्हटलं, काही नाही, सण आहे. चप्पल एक नंबर लहान निघाली. ते छान बसते म्हणाले आणि घालून गॅलरीत फिरून दाखवलं, टाचा बाहेर.

प्रायश्चित्त म्हणून सुंडल एकदाच घेतलं.

संयुक्ताने विचारलं की फ्रिजवरची पावती तू वाचलीस का. म्हटलं, वाचली की. तिने विचारलं, काय लिहिलंय मग. म्हटलं, तेच, कॉम्प्युटर जुना. ती बराच वेळ भांडं घासत राहिली. भांडं घासलेलंच होतं.

२९ सप्टेंबर, सोमवार

काही लिहिण्यासारखं नाही. यूएसबीचा अँटेनावाला अॅडॉप्टर आणून डेस्कटॉपला लावला. दोन काड्या. पाच वाजता एक. सईबाईंचा चेहरा नऊ चौकोनांत आला आणि गेला.

३० सप्टेंबर, मंगळवार

घरी पाहुण्या होत्या. कुणीतरी अप्पांना विचारलं की सईअक्काला कोलू दाखवला का. अप्पा हसून म्हणाले, माझं बोट चुकीच्या जागी पडलं, सगळं बंद पडलं, म्हातारपण. सगळ्यांनी च्च च्च केलं. एक बाई म्हणाली की त्यांच्या सासऱ्यांनी तर अशीच बँकेची सगळी फाईल पुसून टाकली होती. अप्पा हो हो म्हणत राहिले.

मी विड्यांचं तबक घेऊन उभा होतो. चोर मी, आणि च्च च्च त्यांच्या वाट्याला. तबक खाली ठेवून बोलायला तोंड उघडलं होतं, देवीशपथ, पण तेवढ्यात आरती सुरू झाली.

कृष्णवेणी मामी पाणी प्यायला आत गेल्या त्या फ्रिजपाशी थांबल्या. बाहेर येऊन आधी माझ्याकडे बघितलं, मग तिसऱ्या पायरीकडे. पदर तोंडावर धरून त्या घाईघाईने घरी गेल्या. माझ्या भक्तीने अजून भारावलेल्या दिसतात.

१ ऑक्टोबर, बुधवार. सरस्वतीपूजा.

सुट्टी. आज पुस्तकं, वाद्यं, हत्यारं सगळी पूजेत मांडायची आणि दिवसभर वापरायची नाहीत. डेस्कटॉपला मॉनिटरपासून माऊसपर्यंत चंदन-कुंकू लागलं. अप्पांनी स्वतः लावलं, मायेने, आजारी माणसाच्या कपाळाला लावावं तसं. ज्याचा काही दोष नाही त्याला.

मी माझा फोनही पूजेत ठेवला. श्रीनिधीने विचारलं, बाबा, राउटरला कुंकू नको का लावायला. मी म्हटलं, सगळ्याला कशाला. ती म्हणाली, नाही, तो पण बिचारा काम करतोय. आणि निघून गेली.

आज कॉल होणारच नव्हता, आणि त्यात माझा दोष नव्हता. दहा दिवसांतला पहिला बरा दिवस.

उद्याचा प्लॅन पक्का. दसरा. आरतीनंतर एक बाहुली आडवी निजवायची, की कोलू संपला. रात्रीच पेट्या उचलायला घेतो, राउटर शोकेसवर, परवा पाचला लख्ख चित्र. सांगेन की शेवटी मला सापडलं. काय सापडलं ते कुणी विचारत नाही. अप्पांनाही म्हणेन की तुमच्या बोटाने काही झालं नव्हतं. म्हणजे त्यांचंही मन हलकं, माझंही.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.

लाकडी राजा निजवला. मी लगेच बाह्या सरसावल्या. संयुक्ता म्हणाली, उद्या शुक्रवार. शुक्रवारी लक्ष्मी जागची हलवत नाहीत. म्हटलं, मग आत्ता. म्हणाली, निजवल्यावर रात्र जाऊ द्यायची असते. सोळा वर्षं झाली, एवढंही माहीत नाही का.

म्हणजे शनिवार.

अप्पा सातही पायऱ्यांचे दिवे लावून, खोलीच्या दारात खुर्ची टाकून एकटेच बसले होते. कॅमेरा स्टुलावर होता. बंद. शेवटच्या दिवशी सगळं एकदम दाखवायचं, हे त्यांनी सईबाईंना श्रावणातच कबूल केलं होतं. तेल संपून दिवे एकेक करून गेले तेव्हा ते उठले.

हे आता परत होणार नाही, हे मला तिथे उभं असताना कळलं. पुढच्या वर्षी दिवे असतील, पायऱ्या असतील. सईबाईंचे डोळे नसतील. मी शोकेसवर राउटर कितीही नीट ठेवला तरी.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

फॉर्म भरला. ऑफिसचाच, घरासाठी.
कॉल का तुटला? सिग्नल नव्हता.
का? राउटर लोखंडात होता.
का? मी ठेवला.
का? दिसायला बरं नव्हतं.
का सांगितलं नाही?
इथे जागा अपुरी आहे.

४ ऑक्टोबर, शनिवार. रात्र, ९ वाजता.

सगळं जसं झालं तसं लिहितो.

सकाळी बाहुल्या उतरवल्या, जुन्या वेष्ट्यांच्या तुकड्यांत गुंडाळल्या. मी तिसऱ्या पायरीची पेटी स्वतःच हलवणार होतो, सगळ्यांना आत कॉफीला पाठवून. कुणी गेलं नाही. अप्पा, संयुक्ता, श्रीनिधी, तिघंही हातावर हात ठेवून उभे. पेटी सरकवली. राउटर. हिरवे दिवे लुकलुकत. कुणाला आश्चर्य वाटलं नाही.

मी बोललो. दहा दिवस जुळवलेली वाक्यं एकही आली नाहीत. एवढंच म्हटलं की हा मी ठेवला, मला दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून माहीत होतं, अप्पांनी काही दाबलं नव्हतं.

अप्पा म्हणाले, माहीत आहे.

श्रीनिधीने फ्रिजवरची पावती आणून वाचून दाखवली. लाईन ठीक आहे. कॉम्प्युटर ठीक आहे. राउटर सरांनी कोलूच्या लोखंडी पेट्यांत ठेवला आहे. दसऱ्यानंतर बाहेर काढणे. खाली माझी सही. आठ दिवस ती मोराखाली होती, मीच लावलेली, आणि पाणी प्यायला आत गेलेल्या प्रत्येक बाईने वाचली होती.

संयुक्ताला म्हटलं, मग तू बोलली का नाहीस. ती म्हणाली, अप्पांनी शपथ घातली होती.

अप्पांना विचारलं. ते राउटरवरची धूळ पंच्याने पुसत होते. म्हणाले, वाचलं त्याच दिवशी कळलं. पण कोलू हलणार नव्हता, मग बोलून काय मिळणार होतं. आणि सणात जावयाला घरात मान खाली घालायला लावू नये, असं अम्मा सांगायची. म्हणून माझं बोट म्हटलं. एकोणऐंशी वर्षांच्या बोटाचं कुणाला नवल वाटत नाही.

आणि सईअक्का, मी विचारलं. त्यांनी राउटर शोकेसवर ठेवला, थोडा सरळ केला.

पाच वाजता चित्र इतकं स्वच्छ आलं की सईबाईंच्या मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येत होतं. शनिवार, डे-केअरची गाडी नाही. पायऱ्या मोडलेल्या, पेट्या खोलीभर. अप्पांनी एकेक बाहुली सोडायची आणि मी ती कॅमेऱ्यासमोर धरायची असं ठरलं. लांबून त्यांना दिसत नव्हतं. जवळ, आणखी जवळ, अगदी काचेला लावून. मग त्या ओळखायच्या. वामनाची छत्री हरवली त्या वर्षी कोण रडलं होतं. कृष्णाचं नाक बाळूने, म्हणजे अप्पांनी, कसं फोडलं होतं. मान हलवणारी बाई दाखवली तेव्हा त्या स्वतःच मान डोलवत राहिल्या. त्रेसष्ट बाहुल्या. माझे दंड भरून आले, मी हात बदलला नाही.

सगळ्या झाल्यावर त्यांनी विचारलं, दिव्यांत सगळ्या एकदम नाही का दाखवत. अप्पा म्हणाले, पुढच्या वर्षी. त्या बरं म्हणाल्या.

मी रिकाम्या हाताने कॅमेऱ्यासमोर उभाच होतो. सईबाई डोळे बारीक करून पडद्याजवळ आल्या. अप्पांना विचारलं, बाळू, ही मोठी कुठली, अम्माच्या पेटीत ही नव्हती. अप्पा म्हणाले, ही नंतरची, संयुक्ताबरोबर आली, सोळा वर्षं झाली, तमिळ वाचता येत नाही.

त्यांनी विचारलं, मान हलवते का.

मी हलवली.

छान आहे, म्हणाल्या, नीट गुंडाळून ठेव.